फडके रोडवरचा भगवा का करपतो?

प्रश्न : पाडव्याची शोभायात्रा डोंबिवलीत फडके रोडवर शूट केली. कॅमेऱ्याचे शॉट ठीक आहेत. आयफोनचे मात्र फोनवर सुंदर आणि प्रीमिअर प्रोमध्ये पांढरेफटक दिसतात. फेटे म्हणजे नुसता भगवा गोळा! फोन बिघडलाय का?
– एक वाचक, डोंबिवली पूर्व

उत्तर : फोन ठणठणीत आहे. २०२० च्या आयफोन १२ पासून व्हिडिओ एचडीआरमध्ये रेकॉर्ड होऊ लागला. तुमची टाइमलाइन रेक. ७०९ ची, म्हणजे साध्या पडद्याची. जास्तीचा उजेड तिच्यात मावत नाही आणि वरच्या वर कापला जातो. तपशील फाइलमध्ये शाबूत आहे, म्हणून एक्स्पोजर खाली ओढत बसू नका. क्लिपवर राइट क्लिक करून 'मॉडिफाय'मधून तिची कलर स्पेस रेक. ७०९ करा. नव्या आवृत्तीत ऑटो टोन मॅपिंग आहे. ते असेल तर तेच वापरा.

आता फेटे. इथे बहुतेक जण 'ह्यू व्हर्सेस सॅच्युरेशन'ने नारिंगी उतरवतात आणि ढोलवाल्यांचे चेहरे राखाडी करून ठेवतात, कारण आपली त्वचाही नारिंगीच्याच पट्ट्यात येते. त्याऐवजी 'सॅच्युरेशन व्हर्सेस सॅच्युरेशन' कर्व्हचं उजवं टोक थोडं खाली घ्या. आधीच भडक असलेला रंगच तेवढा उतरतो, चेहरे वाचतात. आरजीबी परेडवर लाल पट्टा माथ्याला चिकटलेला सुटला, की फेट्याच्या चुण्या दिसू लागतील.

पुढच्या वेळी फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये 'एचडीआर व्हिडिओ' बंद करूनच घराबाहेर पडा.