भिंतीवरचं गाव : स्थलांतर आणि रस्त्यावरची चित्रं



आपल्याकडे लग्नघर लांबूनच ओळखू येतं. भिंतीवर वधूवरांची नावं रंगवलेली असतात. पण दिवाळीनंतर एखादं कुटुंब ऊसतोडीला निघतं, तेव्हा त्याची खूण कुठल्याच भिंतीवर नसते. फक्त आपल्या हजेरीपटावर गैरहजेरी वाढत जाते. आजचा पाठ त्याविषयी आहे.

आधी दोन शब्द समजून घेऊ

कामासाठी, शिक्षणासाठी गाव सोडणं म्हणजे स्थलांतर. पेडगाव परभणी-मनमाड रेल्वेमार्गावर आहे. रोजगारासाठी गाव सोडणारी माणसं मुलांनी पाहिलेली असतात. धरण, युद्ध किंवा पुरामुळे गाव सोडावंच लागणं म्हणजे विस्थापन. जायकवाडीचं पाणी कालव्यातून परभणी जिल्ह्यात येतं, पण त्याच नाथसागराखाली पैठणकडची गावं गेली. हे मुलांना जरूर सांगा.

मग ऊसतोड कशात बसते? कुटुंब स्वतःच्या पायाने जातं खरं, पण मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. हा प्रश्न वर्गात विचारा, उत्तर मात्र लगेच देऊ नका.

जगात काय घडलं?

1) 2017 साली फ्रेंच कलाकार जेआर याने अमेरिका-मेक्सिको सीमेवर, मेक्सिकोतल्या तेकाते इथे, कुंपणावरून डोकावणाऱ्या एका बाळाचा प्रचंड फोटो उभा केला. बाळाला सीमा कळत नाही. ते नुसतं कुतूहलाने पलीकडे बघतं.

2) 2014 मध्ये बँक्सी या कलाकाराने इंग्लंडमधल्या क्लॅक्टन गावात भिंतीवर कबुतरं रंगवली. ती हातात फलक घेऊन एका परदेशी पक्ष्याला ‘परत जा’ म्हणत होती. हा टोमणा स्थलांतरितांचा द्वेष करणाऱ्यांना होता. पण चित्रच वर्णद्वेषी आहे अशी तक्रार आली आणि स्थानिक परिषदेने ते पुसून टाकलं.

3) 2017 मध्येच मुंबईच्या ससून डॉकवर कलाप्रकल्प झाला. मासळीच्या कामावर जगणाऱ्या माणसांचे मोठे कृष्णधवल चेहरे तिथल्याच भिंतींवर लागले. ते चेहरे पाहायला शहर त्यांच्या कामाच्या जागी आलं.

तिन्ही चित्रांना तिकीट नव्हतं, चौकट नव्हती. म्हणूनच जबाबदारी मोठी. रस्त्यावरचं चित्र जाणारा-येणारा प्रत्येकजण बघतो, आणि ज्याच्यावर ते काढलंय तोही बघतो.

आपल्या शाळेत काय करता येईल?

सातवी-आठवीच्या वर्गासाठी शाळेची एक भिंत राखून ठेवा. मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीची परवानगी घ्या. मग मुलांना विचारा, ‘गाव सोडताना सोबत काय नेलं? मागे काय राहिलं?’ जी मुलं फडावर जाऊन आली आहेत, त्यांना आधी बोलू द्या. कोपी कशी बांधतात, मोळी कशी बांधतात, पाचट अंगाला कसं टोचतं, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. इथे ती शिक्षक आणि आपण विद्यार्थी!

काही पथ्यं मात्र पाळा. ओळखू येईल असा कोणाचा चेहरा काढू नका. कोणी किती उचल घेतली, हे भिंतीवर येऊ देऊ नका. रडणारी मुलं, फाटके कपडे एवढंच चित्र होऊ देऊ नका. आई-बापाला ते चित्र बघून मान खाली घालावी लागली, तर आपला पाठ फसला असं समजा.

आणि भिंतीचा एक कोपरा कोरा ठेवा. हंगाम संपवून लेकरं परत येतील, तेव्हा तो त्यांनी भरायचा. मध्ये कोणी तिथे दुसरं काही रंगवू लागलं, तर बाकीची मुलंच सांगतील, ‘गुरुजी, ती जागा त्यांची हाय.’

अर्थात, चित्र काढलं म्हणजे आपलं काम संपलं नाही. जाणाऱ्या मुलाच्या हाती शिक्षण हमी कार्ड द्यायचं, हंगामी वसतिगृहाची माहिती पालकांना वेळेत सांगायची आणि परतल्यावर त्याला वयानुरूप वर्गात बसवायचं, हे आपलंच काम. भिंत फक्त रोज आठवण करून देईल की पटावरची काही लेकरं अजून यायची आहेत.