जुन्या वास्तूची निगा : चुन्याची भिंत

(इतिहास व सामान्य विज्ञान)

ठाणे येथील सेंट जेम्स चर्च ही शहरातील एक जुनी वास्तू होय. इ. स. १८२५ मध्ये बिशप हेबर यांनी तिचे समर्पण केले. त्या काळी दगडी इमारती चुन्यात बांधीत. चुना सच्छिद्र असल्यामुळे पावसाळ्यात भिंतीत मुरलेले पाणी पुढे वाफ होऊन निघून जाते. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा केल्यास ओल आत कोंडते, क्षार साचून पापुद्रे सुटतात व भिंतीतील तुळयांची टोके कुजतात. दुरुस्ती सद्‌हेतूने केलेली असली, तरी वास्तूची हानी होते. म्हणून चुन्याच्या भिंतीची डागडुजी चुन्यानेच करावी.

प्रयोग : जुन्या गिलाव्याचा गळून पडलेला तुकडा व सिमेंटचा तुकडा यांवर पाण्याचे थेंब टाकावेत. थेंब कोठे लवकर मुरतो, हे मुलांनी पाहावे. भिंत मात्र खरवडू नये.

गृहपाठ : गावातील देऊळ, मशीद, चर्च किंवा वाडा पाहून पन्हळ तुंबली आहे काय, भिंतीत पिंपळ रुजला आहे काय, याची नोंद करावी व ती व्यवस्थापकांस द्यावी. रोप कोवळे असतानाच मुळासह निघते; पुढे ते काढताना भिंतच उकलावी लागते.