भरीव सोनं? मग नकोच!

१९४८च्या लंडन ऑलिंपिकमधलं हॉकीचं सुवर्णपदक म्हणून एका विक्रेत्याने माझ्यापुढे पदक ठेवलं. “भरीव सोनं आहे साहेब, हवं तर कसाला लावा,” तो छातीठोकपणे म्हणाला. मी तिथेच हात आखडता घेतला. ऑलिंपिकमध्ये भरीव सोन्याची पदकं शेवटची दिली गेली ती १९१२ साली, स्टॉकहोमला. आजचं सुवर्णपदकसुद्धा किमान ९२.५ टक्के चांदीचं असतं, वर किमान ६ ग्रॅम सोन्याचा मुलामा. म्हणजे विक्रेता खरं बोलत असता, तर पदक हमखास खोटं!

शिवाय त्याला फितीसाठी कडी होती. उन्हाळी ऑलिंपिकची पदकं गळ्यात पडू लागली १९६०च्या रोमपासून. अर्थात कडी घरच्यांनीही मागाहून लावलेली असू शकते, तेवढ्यावर निकाल देऊ नये.

कस लावणं मात्र टाळाच. ओळखीच्या एका घरी आजोबांचं सुवर्णपदक सराफाने कानस मारून तपासलं. आत चांदी दिसली, घरचे हिरमुसले. पदक अस्सलच होतं. आता त्याच्या कडेला कायमचा ओरखडा आहे. कॅरेट मोजणारं क्ष-किरण यंत्र ओरखडा काढत नाही, पण ते वरचाच थर वाचतं. मुलाम्यापुढे त्याचं फारसं चालत नाही.

माझा भरवसा पाण्यावर. पदक आधी कोरडं तोला, मग दोऱ्याने टांगून पाण्यात बुडवून. १०० ग्रॅम वजनाची चांदी पाण्यात पावणेदहा ग्रॅमच्या आसपास हलकी भरते, पितळ पावणेबारा, स्वस्त पदकांतला जस्ताचा मिश्रधातू जवळपास पंधरा. मीनाकाम असेल तर हा प्रयोग नको. पॅरिस २०२४च्या पदकांवर तर नकोच नको: त्यांत आयफेल टॉवरच्या लोखंडाचा १८ ग्रॅमचा तुकडा बसवलाय. ‘लोहचुंबकाला चिकटलं की नकली’ हा बाजारातला ठोकताळाही तिथे आडवा होतो.

धातू जुळला तरी हुरळू नका, चांदीतही नक्कल ओतता येते. भिंगातून अक्षरं पाहा: ठशाने उठवलेल्यांच्या कडा धारदार असतात, ओतलेल्यांच्या बोथट, मध्येमध्ये बारीक छिद्रं. १९२८ ते १९६८ विजेत्यांच्या पदकाची घडण तीच राहिली, बदलायचा तो मुख्यतः शहर-सालाचा मजकूर. त्यामुळे ताडून पाहायला छायाचित्रं भरपूर मिळतात. आणि पैसे मोजण्याआधी मूळ डबी, वर्तमानपत्राचं कात्रण, वारसाची सही असलेलं पत्र, जे मिळेल ते मागा.