काविळीची लस आधी कोणाला?

आमगाव, जि. गोंदिया

चि. शीतल,

सालेकसा तालुक्यातल्या उपकेंद्रात तू रुजू झालीस, याचा मला फार अभिमान वाटतो. गावातल्या आया काविळीची लस मागतात, ती कोणाला घ्यायला सांगू, असं तू विचारलंस. मी आयुष्यभर आरोग्यसेविका म्हणून काम केलं, त्या अनुभवावरून लिहिते.

आधी आयांना दोन लसींमधला फरक सांग. बाळाला जन्मल्यावर 24 तासांत आणि पुढे पेंटाव्हॅलंटमधून आपण मोफत देतो, ती हिपॅटायटिस ‘बी’ची. दूषित पाण्यातून, अन्नातून होते ती कावीळ ‘ए’ची. तिची लस सरकारी लसीकरणात नाही, खासगीत विकत घ्यावी लागते. रोजीवर जाणाऱ्या बाईला ती घे म्हणताना तिच्या पदरच्या पैशांचा विचार आपण करायलाच हवा.

ज्याला परवडतं, त्याने मुलाला वर्षाचं झाल्यावर द्यावी. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेची शिफारस तीच आहे. मृत विषाणूच्या लसीचे सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस, जिवंत पण कमजोर केलेल्या विषाणूच्या लसीचा एकच.

मोठ्या माणसांचं गणित उलटं आहे. सहा वर्षांच्या आतल्या मुलाला ‘ए’ झाला तर बहुधा कळतही नाही, आणि जन्मभराची प्रतिकारशक्ती येते. विहिरीचं, बोडीचं (लहान तळ्याचं) पाणी पीत वाढलेल्या बहुतेकांना ती लहानपणीच मिळालेली असते. त्यांना लसीसाठी कर्ज काढायला लावू नकोस. फिल्टरचं पाणी पिऊन वाढलेली मुलं मात्र कोरी राहतात. गोंदिया शहरातलं असं पोर नागपूर-पुण्याच्या वसतिगृहात गेलं, मेसचं जेवू लागलं, की त्याला धोका. मोठ्या वयात हा आजार अंथरुणाला खिळवतो, क्वचित यकृत निकामी करतो. अशांनी जाण्याआधी लस घ्यावी. शंका असेल तर रक्तातली प्रतिपिंडं तपासता येतात. ‘मला कावीळ होऊन गेली’ एवढ्यावर विसंबू नये, ती पाण्यातूनच होणाऱ्या ‘ई’चीही असू शकते.

सगळ्यांत आधी मात्र ज्यांचं यकृत अगोदरच दुखावलंय ते: ‘बी’ किंवा ‘सी’चे जुने रुग्ण, दारूने यकृत खराब झालेले, सिऱ्होसिसचे. त्यांना ‘ए’ची कावीळ झेपत नाही. हिमोफिलियाचे रुग्णही यातच धर. यकृताच्या रुग्णांना, गरोदर बाईला आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना जिवंत विषाणूची लस नको, मृत विषाणूची चालते. पण डॉक्टरांना विचारूनच. आपल्याकडे सिकलसेलची मुलं आहेत. त्यांचे डोळे एरवीही पिवळसर दिसतात, म्हणून यकृताची कावीळ उशिरा लक्षात येते. त्यांच्या लसीचं गोंदियाच्या मेडिकल कॉलेजात विचारून ठरव.

घरात एकाला ‘ए’ झालाच, तर बाकीच्यांना दोन आठवड्यांच्या आत लस दिली तर उपयोग होतो. संसर्गापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण महिना जातो, म्हणून घरचे ठीक दिसतात एवढ्यावर स्वस्थ बसू नकोस.

‘ए’ची लस ‘ई’ला थांबवत नाही. ‘ई’ची कावीळ गरोदर बाईच्या जिवावर उठते, आणि तिची लस आपल्याकडे मिळत नाही. म्हणून रोवणीच्या दिवसांत विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पडतं का, पाण्यातल्या क्लोरीनची ओटी टेस्ट होते का, हे स्वतः बघ. शेतावर नेण्याचं पाणी उकळून न्यायला सांग. शौचानंतर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुणं हीसुद्धा लसच समज, आणि तिला पैसे पडत नाहीत. कचारगडच्या यात्रेत तर पाण्याची काळजी जास्त घे.

कावीळ उतरवायला वैदूकडे नेऊन डाग देण्याची सवय अजून गेलेली नाही. अशा घरी रागावू नकोस, बसून बोल. सारखी उलटी, असंबद्ध बोलणं, झोपेची गुंगी दिसली तर एक तासही न थांबता रुग्णालयात पाठव.

तुझ्या उपकेंद्राच्या यादीत जुने यकृताचे रुग्ण, सिकलसेलची मुलं आणि शिकायला बाहेर जाणारी पोरं यांची नावं याच आठवड्यात वेगळी लिहून काढ. लसीचं बोलणं त्यांच्या दारापासून सुरू कर, आणि पाण्याचं प्रत्येक दारात.

तुझी,
आत्या