कागदावरचा कुलाबा कुठला?

इस्रायलमधल्या अश्दोदच्या माझ्या मामेभावाकडे त्याच्या पणजोबांचा पलटणीतला कागद आहे. आडनावाच्या जागी वडिलांचं नाव आणि जन्मठिकाण एका शब्दात, ‘कुलाबा’. पैसे घेऊन वंशावळी काढून देणाऱ्या एका गृहस्थाने तो मुंबईचा कुलाबा धरला आणि तिथलं एक घराणं बेमालूम जोडूनही दिलं. कागदावरचा कुलाबा होता अलिबागचा, म्हणजे 1981 पासूनचा रायगड जिल्हा.

आम्हा बेने इस्रायलांच्या, म्हणजे मराठी ज्यूंच्या, शोधात हा घोळ हमखास होतो. म्हणून आधी साल बघा, मग जिल्हा. कुलाबा स्वतंत्र जिल्हा झाला 1869 मध्ये. पनवेल 1883 पर्यंत ठाण्यातच होतं. अलिबागवर 1840 च्या आधी आंग्र्यांचा अंमल, तेव्हाचं काही सापडलंच तर ते मोडीत. मुरुड, श्रीवर्धन, म्हसळा 1948 पर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दींकडे, आणि पाली भोर संस्थानात. दिवेआगरच्या माणसाचा जन्म ब्रिटिश जिल्ह्याच्या दप्तरात शोधणं म्हणजे फुकटची पायपीट.

आडनाव वाट दाखवतं, पण बेताने. किहीमकर, झिराडकर, वाक्रूळकर ही सरळ प्रकरणं. नागावकरांपाशी मात्र थांबा: नागाव अलिबागजवळ आहे, तसं उरणजवळही आहे. नवगावकर आणखी वेगळे. शिवाय गाव सुटलं तरी आडनाव टिकतं. 1796 साली मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर कंपनीच्या पलटणीत होते; घराणं दिवेआगरचं, पण संसाराचे कागद शोधायचे ते मुंबईत. पलटणी तर माणसाला कुठल्या कुठे नेत. मुलं छावणीत जन्मत, तेव्हा भावंडांची जन्मठिकाणं जुळली नाहीत म्हणून लगेच कुणाला परकं ठरवू नका.

सरकारी कागद अडला की घरातल्या बायकांचे कागद काढा. वंशावळ काढणारे त्यांच्याकडे बघतच नाहीत, याचा मला राग येतो. आमच्या बाबतीत पणजोबांच्या बहिणीच्या केतुबावर, म्हणजे लग्नाच्या करारपत्रावर, लग्नाचं ठिकाण मुरुड निघालं; म्हणजे घर तिकडचं असावं. मग पलटणीने कुलाबा का लिहिलं? जंजिऱ्यावर देखरेख ठेवणारा पोलिटिकल एजंट म्हणजे कुलाब्याचा कलेक्टरच. कारकुनाला तेवढं पुरलं असावं. आता मामेभाऊ जंजिरा संस्थानचं दप्तर कुठे मिळेल ते विचारतो आहे, आणि मी मुरुडच्या कबरस्तानातले दगड वाचू शकणारं कुणी शोधते आहे.