पाणी गाडीत होतं

गोल्डन कॅनियनच्या तोंडाशी, वाहनतळावर आमची गाडी उभी होती. तिच्या डिकीत बर्फाच्या पेटीत पाण्याच्या अठरा बाटल्या होत्या. तिथून दीडएक मैलावर, पिवळ्या मातीच्या एका घळीत, माझे बाबा दगडावर बसून मला विचारत होते, "अगं, आपण साताऱ्याहून किती वाजता निघालो?"

त्या प्रश्नानं माझ्या पोटात जो खड्डा पडला, तो अजून बुजलेला नाही. म्हणून हे लिहिते आहे. कॅलिफोर्नियात राहणारे आपले कितीतरी लोक आई-वडील आले की डेथ व्हॅली दाखवायला नेतात. न्यावंच, इतकी ती जागा सुंदर आहे. पण आपले आई-वडील येतात ते एप्रिल-मेमध्ये. आणि डेथ व्हॅली बघायचे महिने आहेत नोव्हेंबर ते मार्च. घोळ इथूनच सुरू होतो.

आम्ही गेलो मेच्या पहिल्या आठवड्यात. बाबा सहासष्ट वर्षांचे. रोज सकाळी अजिंक्यतारा चढून येणारे, राजगड-तोरणा केलेले. डेथ व्हॅलीतल्या फर्नेस क्रीकला 10 जुलै 1913 रोजी 56.7 अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं, हा जागतिक विक्रम मीच त्यांना आदल्या रात्री कौतुकानं सांगितला होता. आमच्या दिवशी 41 अंशांचा अंदाज होता. "चाळीस-एक्केचाळीस तर आपल्याकडेही होतं," असं बाबा म्हणाले आणि मीही मान डोलावली.

पहिली चूक क्रमाची. सकाळी आम्ही आर्टिस्ट्स ड्राइव्हवर गेलो. नऊ मैलांचा एकेरी डांबरी रस्ता, डोंगराच्या कुशीतून वरखाली जाणारा. त्यावर 'आर्टिस्ट्स पॅलेट' नावाची जागा आहे. लोहामुळे आलेले लाल, गुलाबी, पिवळे पट्टे, मँगनीजचा जांभळा आणि ज्वालामुखीच्या राखेत बदल होत गेल्यानं उमटलेला फिकट हिरवा. पण तो उतार पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी तो सावलीत असतो, रंग मिटलेले असतात. ते उघडतात दुपार कलल्यावर, आणि तेव्हा तर गाडीतून, वातानुकूलन लावून, सगळं बघता येतं. म्हणजे दिवसातले चालण्याजोगे गार तास आम्ही गाडीत बसून मिटलेले रंग बघण्यात घालवले आणि चालायला निघालो साडेदहाला. उजाडता उजाडता चालावं, दुपारी सावलीत पडून राहावं आणि ऊन उतरताना गाडीनं आर्टिस्ट्स ड्राइव्ह करावा. एवढा एक क्रम पाळला असता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. उन्हाळ्यात सखल भागात सकाळी दहानंतर चालू नका, असं डेथ व्हॅली उद्यानाचे लोक स्पष्ट सांगतात. मेचा पहिला आठवडा मी उन्हाळ्यात धरलाच नव्हता.

दुसरी चूक मला हुशारीची वाटली होती. बाबांनी आणि मी झाब्रिस्की पॉइंटवरून खाली उतरायचं, आणि माझ्या नवऱ्यानं आईला घेऊन गाडीनं गोल्डन कॅनियनच्या तोंडाशी यायचं. अंतर साधारण तीन मैल, बहुतेक सगळा उतार. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला उतार म्हणजे संपत आलेला ट्रेक वाटतो. इथे उतरणं म्हणजे समुद्रसपाटीच्याही खाली जाणं. प्रत्येक पावलागणिक हवा तापत जाते, वारा पडतो आणि दोन्हीकडच्या फिक्या भिंती ऊन अंगावर परत फेकतात. आणि गाडी पुढे निघून गेली की मागे फिरण्यात अर्थ उरत नाही. पाठीवर पाणी किती होतं? अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या. "तासा-दीड तासाचं तर काम," म्हणून.

झाब्रिस्कीवरून जे दिसतं, त्याला आपल्या भूगोलात उत्खातभूमी म्हणतात, चंबळच्या घळींसारखी. लाखो वर्षांपूर्वी इथे तळं होतं. त्याचा गाळ आणि ज्वालामुखीची राख थरावर थर साचत गेली, पुढे जमीन उचलली गेली, कलली. वर्षाला जेमतेम 50 मिलिमीटर पाऊस, पण पडतो तेव्हा झोडपून पडतो. झाडाचं मूळ धरायला नाही, त्यामुळे मऊ माती चिरत जाते आणि सोनेरी सुरकुत्यांचे डोंगर तयार होतात. मधोमध मॅनली बीकनचा सुळका. 1849 साली सोन्याच्या शोधात निघालेले लोक या खोऱ्यात अडकले, तेव्हा विल्यम मॅनली आणि त्याचा सोबती पायी बाहेर जाऊन त्यांच्यासाठी मदत घेऊन परत आले. त्याचं नाव या सुळक्याला आहे. बाबांना हे ऐकून फार आनंद झाला होता. उतरताना ते दोनदा थांबून त्या सुळक्याकडे बघत राहिले.

आता घामाविषयी, कारण खरी फसगत तिथेच झाली. सह्याद्रीत, त्यातून कोकणच्या बाजूनं चढताना, घामानं सदरा पिळून काढावा लागतो. शरीरातून पाणी चाललंय हे डोळ्यांना दिसतं, म्हणून माणूस पाणी पितो. इथली हवा इतकी कोरडी की घाम कातडीवर येताक्षणी उडून जातो. बाबांचा हात कोरडा, कपाळ कोरडं. "बघ, घामसुद्धा नाही," ते म्हणाले. त्यांच्या निळ्या टोपीच्या कडेला पांढरी रेघ उमटली होती. ते मीठ होतं. मी ते पाहिलं आणि धूळ समजून पुढे चालत राहिले. तुमच्या माणसाच्या कपड्यावर अशी पांढरी रेघ दिसली, तर घाम भरपूर गेला आहे, पाणी आणि मीठ दोन्ही गेलं आहे, हे तिथेच ओळखा.

वाट फुटते त्या जागी पाट्या आहेत. तरी आम्ही चुकलो. या उत्खातभूमीत माणसं कुठूनही चढलेली असतात, त्यांच्या पायवाटा आपल्याकडच्या ढोरवाटांसारख्या सगळीकडे पसरलेल्या. मी फोनमधल्या नकाशाच्या भरवशावर होते आणि फोनला रेंज नव्हती. गोल्डन कॅनियनऐवजी आम्ही गॉवर गल्चच्या नाळेत उतरलो. फर्नेस क्रीकच्या वस्तीला पुराचा धोका होता, म्हणून 1941 साली वरच्या ओढ्याचं पाणी या नाळेत वळवलं गेलं. तेव्हापासून ती झपाट्यानं खणली जाते आहे. तळाला दगडगोटे आणि सैल खडी, मधेमधे घसारा. ही नाळही शेवटी बाहेर पडते, पण तोंडाशी कोरड्या धबधब्याचा कडा आडवा येतो. कडेकडेनं अरुंद वाटेनं उतरावं लागतं, आणि पुढे डोंगराच्या पायथ्यानं जवळजवळ मैलभर उघड्या उन्हात वाहनतळाकडे चालायचं असतं. नकाशाचा छापील कागद खिशात असता तर मी पाचव्या मिनिटाला वळले असते.

बाबा आधी गप्प झाले. मग त्यांना मळमळू लागलं. मग त्यांची पावलं तिरकी पडू लागली आणि विचारलं की प्रत्येक वेळी एकच उत्तर, "मी ठीक आहे." या पिढीच्या माणसाला मुलीसमोर थकलो म्हणवत नाही. त्यामुळे त्यांना विचारत बसू नका, त्यांच्याकडे बघा. साताऱ्याचा तो प्रश्न आला तेव्हा आमच्याकडे पाव लिटर पाणी उरलं होतं. चक्कर, डोकेदुखी, मळमळ इथपर्यंत सावली, विश्रांती आणि मीठ-साखरेचं पाणी यांनी सावरता येतं. माणूस असंबद्ध बोलू लागला की तो जिवावरचा प्रसंग. लगेच 911. आमच्याकडे ते लावायलाही रेंज नव्हती.

मागून एक तरुण जोडपं उतरत आलं. त्यांच्या पाठीवर चार लिटर पाणी होतं, क्षारांची पुडी होती. त्या मुलीनं बाबांना भिंतीच्या हातभर सावलीत आडवं केलं, त्यांच्या खांद्यावरचा पंचा भिजवून मानेवर आणि छातीवर टाकला आणि टोपीनं वारा घालू लागली. ज्या कोरड्या हवेनं घात केला, तीच आता कामी आली. ओला पंचा बघता बघता गार पडला. मुलगा धावत पुढे गेला आणि वाहनतळावर माझ्या नवऱ्याला गाठून पाणी घेऊन आला. नवरा तिथे दोन तास बसून होता, आम्ही फोटो काढत रमलो असू असं समजून. अमुक वाजेपर्यंत आलो नाही तर फर्नेस क्रीकच्या माहिती केंद्रात जाऊन सांग, एवढं एक वाक्य निघताना बोलायचं राहिलं होतं. ते तुम्ही बोला. घड्याळातली वेळ ठरवून बोला.

संध्याकाळी तासाभराच्या अंतरावरच्या गावात बाबांना सलाईन लावलं. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न गोळ्यांचा केला. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं, म्हणजे शरीर आधीच पाणी टाकत होतं. आई-वडिलांना वाळवंटात नेण्याआधी त्यांच्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा. त्यांचा प्रवासी विमाही काढलेला असू द्या.

हेलिकॉप्टर येईल, या भरवशावर तर कुणीच राहू नये. जुलै 2023 मध्ये याच गोल्डन कॅनियनच्या तोंडाशी एक वयस्क पदयात्री कोसळले आणि गेले. हवा इतकी तापली होती की हेलिकॉप्टर येऊ शकलं नाही. तापलेली हवा विरळ होते, पात्यांना उचल मिळत नाही.

आणि आभाळात ढग असतील, तर या घळींत पाऊल टाकू नका. गोल्डन कॅनियनमध्ये पूर्वी डांबरी रस्ता होता. 1976 च्या पुरात तो वाहून गेला, त्याचे तुकडे अजून वाटेत पडलेले दिसतात. ऑगस्ट 2023 मध्ये हिलरी वादळात एका दिवसात जवळपास वर्षभराचा पाऊस झाला आणि सगळं उद्यान जवळपास दोन महिने बंद ठेवावं लागलं. निघण्याआधी कुठले रस्ते उघडे आहेत, याची चौकशी करायलाच हवी.

पाणी दिवसाला माणशी किमान चार लिटर, आणि चालताना लागणारं पाणी स्वतःच्या पाठीवर. नुसतं पाणी ढोसूनही भागत नाही, रक्तातलं मीठ उतरतं. सोबत खारे शेंगदाणे, चिवडा, क्षारांची पुडी हवीच. आणि निम्मं पाणी संपलं की जिथे असाल तिथून मागे.

ऑक्टोबरच्या शेवटी, आई-बाबा परत जाण्याच्या आठवड्यात, आम्ही पुन्हा गेलो. या वेळी खालून, गोल्डन कॅनियनच्या तोंडातून, उजाडताना. आईही चालली, हळूहळू, दर वळणावर बसत. भिंती आधी राखाडी होत्या, मग मधासारख्या झाल्या. शेवटच्या वळणावर रेड कॅथेड्रलचा लाल कडा समोर उभा राहिला, दहा मिनिटांच्या चालीवर. बाबांनी आईच्या हातातली बाटली घेतली, उजेडात धरून पाहिली, आणि वळले.