वाकळेतील इरकल

जुने वस्त्र म्हटले की पैठणी डोळ्यांपुढे येते. परंतु कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी पैठणी असणार कोठून? आपल्या सातारा-सांगलीकडे लुगडे फाटले की त्याची वाकळ होते. म्हणून जुन्या कापडाचा शोध घेणाऱ्याने पेटीआधी वाकळ पाहावी, असे माझे मत आहे.

आमचे घर सांगली जिल्ह्यातील खेड्यात. कॉलेजात शिकणारी मी घरातली पहिलीच. जुनी कागदपत्रे आमच्याकडे नाहीत. गेल्या सुट्टीत आईने टाकून द्यायला काढलेल्या एका वाकळेचा कोपरा मी उसवला. वरच्या गुळगुळीत थराचा दोरा पेटवताच वितळून त्याचा कडक मणी झाला. म्हणजे पॉलिस्टर. हा धागा १९४१ साली इंग्लंडात निघाला आणि खेड्यापाड्यांत फार पुढे पोचला. आतल्या थराचा दोरा कागदासारखा जळाला, तो सुती. त्याच थराच्या तांबड्या पदराला मात्र केस जळल्याचा वास आला, म्हणून ते रेशीम. (नकली रेशीम कागदासारखेच जळते, तेथे फसगत होते.)

खरी ओळख पटली ती सांध्यावरून. कर्नाटकातील इलकल गावच्या या लुगड्यात, म्हणजे आपल्या इरकलात, अंगाचा ताणा वेगळा व पदराचा वेगळा असतो. विणकर दोन्हींचे धागे फासे घालून एकमेकांत अडकवतो. सुईची शिवण नसते. तसा सांधा येथे होता. पण त्यावरून हातमाग कळतो, वय नव्हे; इरकल आजही असेच विणतात. विटलेला रंग तर मुळीच पुरावा नव्हे. उन्हात वाळत घातलेले नवे कापडही विटते.

वय कळले ते आज्जीमुळे. तिला सन सांगता येत नाही. पण ही वाकळ ‘भूकंपाच्या फुडच्या थंडीत’ शिवली आणि आत सासूचे लुगडे घातले, हे तिला पक्के आठवते. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. तेव्हा वाकळ १९६८ च्या अखेरची, लुगडे तर वापरून फाटलेले, म्हणजे त्याहून बरेच जुने; पॉलिस्टर मागाहून चढवलेले. माझ्या पणजीचा एकही फोटो नाही. ती काय नेसत होती, एवढे आता ठाऊक झाले.

जिज्ञासूंनी टाका कापावा, कापड ओढू नये. जाळायचा दोरा फाटक्या कडेचाच घ्यावा आणि पाण्याची वाटी जवळ ठेवावी. आमची वाकळ सध्या माळ्यावर आहे. उरलेले तीन कोपरे उसवायला आज्जी अजून राजी नाही.